सर्पविष आणि श्रांत हृदय

अकोला-अमरावतीच्या काळ्या रानांत कपाशीच्या निंदणीस वांकणाऱ्या मजुरास घोणस चांगली ठाऊक असते. तिच्याच कुळांतील 'जराराका' नांवाच्या ब्राझीलमधील सापाच्या विषानें हृदयरोगाच्या औषधाची वाट दाखविली, हें मात्र त्यास सांगूनहि खरें वाटणार नाहीं.

जराराकाच्या विषांत 'ब्रॅडिकायनिन' ह्या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या द्रव्याचा परिणाम वाढविणारा एक घटक आहे, असें सर्जिओ फरेरा ह्यांनीं १९६५ सालीं दाखविलें. तो घटक घेऊन ते लंडनला जॉन व्हेन ह्यांच्या प्रयोगशाळेंत गेले. तेथें वाय. एस. बखले ह्यांनीं (आडनांव मराठी कानास ओळखीचेंच!) कुत्र्याच्या फुप्फुसाच्या अर्कावर प्रयोग करून १९६८ सालच्या सुमारास दाखविलें कीं, वाहिन्या आवळणारें 'अँजिओटेन्सिन' ज्या पाचकद्रव्यामुळें तयार होतें, तेंच ह्या घटकानें अडतें.

ह्याचें महत्त्व थोर आहे. हृदय थकलें म्हणजे दाब टिकविण्यासाठीं शरीर वाहिन्या आवळतें व मीठपाणी धरून ठेवतें. मोटेच्या दमलेल्या बैलास आणखी जड मोट जोडावी, तसाच हा प्रकार.

विषापासून मिळालेलें 'टेप्रोटाइड' पोटांत टिकत नसे, शिरेंतूनच द्यावें लागे. म्हणून कुशमन व ओन्डेटी ह्यांनीं १९७५ सालीं गिळतां येणारें 'कॅप्टोप्रिल' बनविलें. पुढें 'एनालाप्रिल' आलें. यकृतांत त्याचें 'एनालाप्रिलॅट' होतें, आणि तें थेट शिरेंत दिल्यास पाव तासांत दाब उतरूं लागतो.

हा वेग मोहक होता, पण घातकहि. १९८७ सालीं उत्तर युरोपांतील २५३ अतिगंभीर रोग्यांवर एनालाप्रिलच्या गोळ्यांची कसोटी झाली: सहा महिन्यांत औषधाविना शेंकडा ४४ दगावले, औषधानें २६. उलट १९९२ सालीं हृदयविकाराचा झटका आलेल्या ६,०९० रोग्यांना पहिल्याच दिवशीं शिरेंतून औषध सुरू केलें, तेव्हां जीव वांचण्याच्या कामीं कांहींच लाभ दिसला नाहीं. चाचणी मध्येंच थांबवावी लागली.

वऱ्हाडास हा निकाल सोयीचाच पडला. नागपूरचें वैद्यकीय महाविद्यालय १९४७ सालीं निघालें, अमरावतीचें १९८४ सालीं, अकोल्याचें तर २००२ सालीं. शिरेंतील औषधास क्षणोक्षणीं दाब पाहणारें माणूस लागतें. गोळी मात्र अकोट-दर्यापूरच्या रोग्यास घरींहि घेतां येते. ती थोड्या मात्रेनें सुरू करून हळूहळू वाढवितात, मधून मधून रक्तांतील पोटॅशियम व मूत्रपिंडांचें काम तपासतात. कांहींना मात्र तिनें कोरडा खोकला सुटतो. त्याचें एक कारण, ब्रॅडिकायनिन शरीरांत सांचून राहतें हेंच मानतात.