मॅग्नेशियम हायड्राइड : भंगारापासून निर्मिती

हायड्रोजन साठवण्यासाठी उपयुक्त असे घन संयुग. यात मॅग्नेशियमच्या एका अणूमागे हायड्रोजनचे दोन अणू असतात. वजनाच्या सुमारे ७.६ टक्के हायड्रोजन यात मावतो. एका घनमीटरातील त्याचे प्रमाण सुमारे ११० किग्रॅ. असून ते द्रवरूप हायड्रोजनपेक्षाही (सु. ७१ किग्रॅ.) जास्त आहे.

कच्चा माल : मोटारींच्या सुट्या भागांचे ओतकाम व यंत्रण करताना मॅग्नेशियम मिश्रधातूंचा कीस आणि तुकडे उरतात. एझेड९१ या प्रचलित मिश्रधातूत सुमारे ९ टक्के ॲल्युमिनियम व १ टक्का जस्त असते. ॲल्युमिनियम साध्या दाबाला हायड्रोजन धरून ठेवत नसल्याने साठवणक्षमता थोडी घटते.

कृती : किसावरचे तेल धुऊन तो वाळवतात व आर्‌गॉन वायूत बॉल मिलमध्ये दळतात. पोलादी गोळ्यांच्या माऱ्याने धातूवरील ऑक्साइडचा थर फुटतो आणि ताजा पृष्ठभाग उघडा पडतो. नंतर ३०० ते ४०० अंश से. तापमानाला, दाबाखाली हायड्रोजन देतात. बारीक कीस सहज पेट घेतो. ही आग पाण्याने विझवू नये, कारण त्यातून हायड्रोजन निर्माण होऊन ती भडकते.

हायड्रोजनची मुक्तता : सुमारे ३०० अंश से.ला तापवल्यास हायड्रोजन सुटतो व धातू पुन्हा वापरता येतो. पाण्याशी विक्रिया केल्यास दुप्पट हायड्रोजन मिळतो, पण मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड उरते. त्यापासून पुन्हा धातू मिळवणे ऊर्जेच्या दृष्टीने महाग पडते. म्हणून धातूचे चक्र अखंड राखणारा पहिला मार्गच पुनर्वापराच्या हेतूला अधिक न्याय देतो.