शैक्षणिक मानसशास्त्रज्ञांचे प्रशिक्षण, ब्रिटनमधील

मुलांच्या अध्ययनातील, वर्तनातील व विकासातील अडचणींची पाहणी करून शाळा, पालक व शिक्षण प्राधिकरण ह्यांना सल्ला देणाऱ्या व्यावसायिकास शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ म्हणतात. विकासात्मक मानसशास्त्र हे त्याच्या कामाचे एक प्रमुख अधिष्ठान होय. विकासात्मक मानसशास्त्राचा अभ्यासक बालविकासाचे सामान्य नियम शोधतो, तर शैक्षणिक मानसशास्त्रज्ञास ते एका विशिष्ट मुलाच्या बाबतीत लावून पाहावे लागतात. त्याच्या अभिप्रायावर ते मूल कोणत्या शाळेत जाईल, हे बऱ्याच अंशी अवलंबून असते. म्हणूनच हा अभिप्राय देण्याचा अधिकार कोणास आणि कोणत्या शिक्षणानंतर मिळावा, हा प्रश्न ह्या प्रशिक्षणाच्या इतिहासात सतत केंद्रस्थानी राहिला.

प्रारंभ : प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाल्यावर सर्व थरांतील मुले शाळेत आली आणि नेहमीच्या वर्गात मागे पडणाऱ्या मुलांचा प्रश्न पुढे आला. १८९९ च्या कायद्याने मनोदुर्बल मुलांसाठी विशेष शाळा काढण्याची मुभा स्थानिक प्राधिकरणांना मिळाली; मात्र मूल मनोदुर्बल आहे की नाही, हे वैद्यकीय अधिकारी ठरवीत. १९१३ मध्ये लंडन काउंटी कौन्सिलने सिरिल बर्ट (१८८३–१९७१) ह्यांची अंशकालीन मानसशास्त्रज्ञ म्हणून नेमणूक केली. शिक्षण प्राधिकरणाने केलेली ब्रिटनमधील ही अशा प्रकारची पहिली नेमणूक होय. विशेष शाळांसाठी सुचविलेल्या मुलांची तपासणी करणे, हे त्यांच्या कामाचा एक भाग होते. मागासलेपणाची कारणे केवळ बुद्धीत नसून आजारपण, दारिद्र्य, अनियमित हजेरी व सदोष अध्यापन ह्यांतही असू शकतात, हे त्यांच्या पाहणीतून दिसून आले. तथापि बुद्धिमत्ता मुख्यतः आनुवंशिक असते, असेही त्यांचे ठाम मत होते. ह्या दोन भूमिकांतील ताण पुढे दीर्घकाळ ह्या व्यवसायात राहिला. [⟶ बुद्धिमापन].

चिकित्सालये व विद्यापीठे : १९२७ मध्ये पूर्व लंडनमध्ये इमॅन्युएल मिलर ह्यांच्या मार्गदर्शनाखाली आणि १९२९ मध्ये इझ्लिंग्टन भागात अमेरिकेतील कॉमनवेल्थ फंडाच्या साहाय्याने बालमार्गदर्शन चिकित्सालये सुरू झाली. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ व सामाजिक कार्यकर्ता असे त्रिकूट तेथे एकत्र काम करी; पण प्रमुखपद मनोविकारतज्ज्ञाकडे असे आणि मानसशास्त्रज्ञाचे काम पुष्कळदा कसोट्या देण्यापुरते मर्यादित राही. ह्याच सुमारास लंडन विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र संस्थेत सूझन आयझॅक्स (१८८५–१९४८) ह्यांनी १९३३ मध्ये बालविकास विभाग सुरू केला. अनुभवी शिक्षकांना बालनिरीक्षणाचे उच्च शिक्षण देणे, हा त्याचा हेतू होता. केंब्रिज येथील माल्टिंग हाउस शाळेत मुलांचे खेळ व बोलणे ह्यांच्या ज्या तपशीलवार नोंदी आयझॅक्स ह्यांनी केल्या होत्या, त्यांचा आधार ह्या अध्यापनास लाभला. अशा रीतीने मापन आणि निरीक्षण असे दोन प्रवाह प्रशिक्षणात आले.

विस्तार व टीका : १९४४ च्या शिक्षण कायद्याने विशेष शिक्षणाची गरज असलेली मुले शोधून काढण्याचे कर्तव्य प्राधिकरणांवर टाकले, १९४५ च्या नियमांत ‘शैक्षणिक दृष्ट्या अवसामान्य’ व ‘कुसमायोजित’ हे वर्ग समाविष्ट झाले. परिणामी मानसशास्त्रज्ञांची मागणी वाढली. मानसशास्त्राची पदवी, अध्यापनाची अर्हता, काही वर्षांचा वर्गातील अनुभव आणि त्यानंतर सुमारे एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, हा मार्ग रूढ झाला. ज्यास वर्ग सांभाळण्याचा अनुभव नाही, त्याचा सल्ला शिक्षक मानणार नाहीत, हे त्यामागील सूत्र होते. १९६८ च्या समरफील्ड अहवालाने दर १०,००० शालेय मुलांमागे एक मानसशास्त्रज्ञ असावा, अशी शिफारस करून प्रशिक्षणाच्या जागा वाढविण्यावर भर दिला.

ह्या काळात वर्गीकरणाचे दुष्परिणामही उघड झाले. ‘शिक्षणास अपात्र’ ठरलेली मुले १९७१ पर्यंत शालेय व्यवस्थेबाहेरच राहत. १९७० च्या कायद्याने ती शिक्षण प्राधिकरणांच्या कक्षेत आली. १९७१ मध्येच बर्नार्ड कोर्ड ह्यांनी एका पुस्तिकेद्वारे, वेस्ट इंडीजमधून आलेल्या कुटुंबांतील मुले अवसामान्यांच्या शाळांत अवाजवी प्रमाणात पाठविली जातात, असे दाखवून दिले. इंग्रज मध्यमवर्गीय मुलांची भाषा व परिसर गृहीत धरून केलेल्या कसोट्या इतर मुलांना न्याय देत नाहीत, असा त्यांचा आक्षेप होता. १९७६ पासून बर्ट ह्यांच्या जुळ्या भावंडांविषयीच्या आकडेवारीच्या खरेपणाबद्दलही वाद सुरू झाला. बिल गिलम ह्यांनी संपादिलेल्या १९७८ मधील ग्रंथात व्यवसायाच्या पुनर्रचनेची मागणी करण्यात आली. त्याच वर्षीच्या वॉर्नक अहवालाने अपंगत्वाच्या वर्गांऐवजी मुलाच्या शैक्षणिक गरजांचा विचार करावा, असे सुचविले व १९८१ च्या कायद्याने हे तत्त्व स्वीकारले. त्यानुसार मूल, शिक्षक, कुटुंब व शाळेची रचना ह्यांचा एकत्र विचार करण्याकडे प्रशिक्षणाचा कल वळला.

डॉक्टरेटचा टप्पा : २००६ मध्ये इंग्लंडमधील एक वर्षाच्या अभ्यासक्रमाची जागा तीन वर्षांच्या व्यावसायिक डॉक्टरेटने घेतली. अध्यापनाच्या अर्हतेची अट काढून टाकण्यात आली. मुले व कुटुंबे ह्यांच्याबरोबर केलेल्या अन्य कामाचा अनुभवही ग्राह्य धरला जाऊ लागला. विद्यार्थ्यास शास्त्रीय शिक्षण, प्रबंध आणि पर्यवेक्षणाखालील प्रत्यक्ष काम हे तिन्ही पूर्ण करावे लागतात. स्कॉटलंडने मात्र पदव्युत्तर पदवी व त्यानंतर पर्यवेक्षित काम हा वेगळा मार्ग ठेवला. २००९ पासून ‘शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ’ हे अभिधान कायद्याने संरक्षित असून नोंदणीवाचून ते वापरता येत नाही. २०१४ च्या बाल व कुटुंब कायद्यानुसार मुलाची शिक्षण, आरोग्य व संगोपन योजना ठरविताना मानसशास्त्रज्ञाचा सल्ला घ्यावा लागतो. त्यामुळे अहवाललेखनाचा भार वाढून शाळेत प्रत्यक्ष काम करण्यास वेळ कमी उरतो, ही अडचण आहे.

भारतातील पडसाद : बालमार्गदर्शनाची ही पद्धती मुंबईत १९३७ मध्ये आली, सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने त्या वर्षी बालमार्गदर्शन चिकित्सालय सुरू केले. व्ही. व्ही. कामत ह्यांनी बीने कसोटीचे मराठी व कन्नड भाषांसाठी अनुकूलन करून १९४० मध्ये त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. मुलाची चाचणी त्याच्याच भाषेत व्हावी, हे तत्त्व त्यातून येथे दृढ झाले. पुण्यातील ज्ञान प्रबोधिनीने (स्थापना १९६२) मानसशास्त्रीय कसोट्या व शालेय मानसशास्त्राचे प्रशिक्षण ह्या क्षेत्रांत कार्य केले आहे. तथापि शिक्षण प्राधिकरणांशी जोडलेली ब्रिटनसारखी देशव्यापी सेवा भारतात उभी राहिलेली नाही. हे काम समुपदेशक, विशेष शिक्षक व चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ ह्यांत विभागले गेले आहे. [⟶ बालमार्गदर्शन, शैक्षणिक मानसशास्त्र].