निखाऱ्यावरच्या चान्या

संभाजीनगरात आता गच्चीवर कोळसे पेटवून मांस भाजतात. आपल्या मराठवाड्यात चुलीच्या निखाऱ्यावर हे कधीचंच होतं! महारवाड्यात, मांगवाड्यात बाया मांसाच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर उन्हात वाळवायच्या. त्या चान्या. घरात कालवण नसलं की भाजून भाकरीबरोबर खायच्या. मांस बहुतेकदा मेलेल्या जनावराचं. ते ओढायचं काम गावानं याच लोकांवर लादलेलं. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी ते मांस सोडायला सांगितलं. पुष्कळांनी सोडलं. मग चान्यांचं नाव घ्यायचीही लाज वाटू लागली. शाहू पाटोळे यांनी मात्र २०१५ मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात हे जेवण लिहून ठेवलं. आमच्या गटाच्या वहीत पापड-कुरडया आहेत, चान्या नाहीत. पुढच्या बैठकीत थोरल्या बायांना विचारायचं ठरलंय.