तळटीप : पगानची प्वा सॉ आणि सिंगापूरची सिसिलिया

* लेखकाने इथे दोन बायका एका ओळीत बसवल्या आहेत. प्वा सॉ तेराव्या शतकातली. ब्रह्मदेशाच्या बखरी तिला पोपा डोंगराकडच्या शेतकऱ्याची मुलगी म्हणतात. आधी ती पगानच्या उझनाची राणी झाली, मग नरथिहपतेची पट्टराणी. सिसिलिया कॅथरिना लांगे (जन्म १८४८) पुष्कळ अलीकडची. बाप मॅड्स लांगे हा डेन्मार्कचा व्यापारी, बालीतल्या कुटा बंदरात त्याची पेढी होती, आई चिनी. १८५६ मध्ये बाप वारला आणि मुलगी शिक्षणासाठी सिंगापूरला आली. तिथे तेलोक ब्लांगाहला जोहोरच्या राजघराण्याचा मुक्काम असे. त्या घराण्यातल्या अबू बकरशी तिचा विवाह झाला. झुबैदा हे नवे नाव मिळाले. मात्र तिला सरसकट ‘महाराणी’ म्हणणे लेखकाने टाळायला हवे होते. अबू बकर १८८५ मध्ये सुलतान झाला, तेव्हा सुलतानाचा मान फातिमा या दुसऱ्या पत्नीला मिळाला. तीही राजकन्या नव्हेच. माहेरची वाँग, कँटनी चिनी. झुबैदा ‘इंचे बेसार’ या पदवीवरच राहिली. वारसा मात्र तिच्याच पोटचा ठरला : १८७३ मध्ये जन्मलेला तिचा मुलगा इब्राहिम १८९५ मध्ये गादीवर आला आणि जपानी आमदानीसकट सगळे पचवून १९५९ पर्यंत सुलतान राहिला. जानेवारी २०२४ मध्ये मलेशियाचे राजे झालेले सुलतान इब्राहिम हे त्याचे पणतू, म्हणजे सिसिलियाचे खापरपणतू. – संपा.