गुऱ्हाळ, चऱ्हाट आणि तोंडपाटीलकी

मंडळी, लांबलचक भाषणाला आपल्याकडं किती शब्द आहेत आणि ते आले कुठून, एवढंच आज बघायचंय. सगळ्यांचे आभार मानत बसलो तर तुम्हीच म्हणाल, नमनालाच घडाभर तेल! रात्रीच्या खेळाला मशाली-दिवट्या तेलावर जळायच्या. वंदनातच तेल संपलं तर पुढची कथा अंधारात. म्हणजे ही तक्रार आधी खर्चाची, मग कंटाळ्याची.

बाकीचे शब्द कामाचे. चऱ्हाट वळणं, तेच ते दळण दळणं, गुऱ्हाळ लावणं. या कामांना वेळ लागतोच, पण शेवटी हातात दोर, पीठ, गूळ काहीतरी पडतं. वक्त्याकडून ते पडत नाही, हा त्यातला टोमणा.

इंदापूर-बारामतीकडं गुऱ्हाळ सगळ्यांत जवळचं. 1885 मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला, पुढं ऊस वाढला. चरकाला जुंपलेले बैल त्याच वाटेनं गोल फिरायचे, काहिलीखाली चुलाण तासन् तास पेटलेलं. बघणाऱ्याला वाटावं, हे संपणार कधी? शब्दाचा अर्थ तिथूनच वळला असावा. पण मला यात गुळव्यावर अन्याय दिसतो. पाकाचा थेंब पाण्यात टाकून, गोळी होते का बघून तो काहील उतरवायचा. उशीर झाला तर गूळ करपला, घाई केली तर बसला नाही. थांबायचं कधी, हीच त्याची विद्या! आणि आपण त्याचाच धंदा न थांबणाऱ्याला चिकटवला. 1930च्या दशकात वालचंदनगरला साखर कारखाना आला, मग सहकारी कारखाने आले, गुऱ्हाळं कमी झाली. आता कितीतरी पोरांना गुऱ्हाळ माहीत आहे ते चर्चेचंच.

तोंडपाटीलकीचं तसंच. पाटलाच्या शब्दामागं वतन होतं, सारा वसूल करायची जबाबदारीही होती. हे काही नसताना नुसते हुकूम सोडणं ती तोंडपाटीलकी. 1 जानेवारी 1963 पासून वंशपरंपरेचं मुलकी पाटीलपद कायद्यानं गेलं. तोंडपाटीलकी रद्द करणारा कायदा अजून व्हायचाय.

पळसदेवात हे जरा जपूनच बोलतोय. जुनं गाव उजनीच्या पाण्यात गेलं, पाणी ओसरलं की पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं. गाव उठताना इथल्या म्हाताऱ्या माणसांनी किती आश्वासनं, किती भाषणं ऐकली असतील! त्यांच्यापुढं मी काय लांबण लावणार? उलट मलाच विचारायचंय. ज्यांच्या घरी गुऱ्हाळ होतं, त्यांनी पाक झाला हे ओळखायचा तुमच्याकडचा शब्द कोणता, तेवढं जाताना सांगा.