जुना सेप्टिक टँक : डागडुजी की नवी बांधणी?

सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर उंचीवर वसलेले चिखलदरा विदर्भातील थंड हवेचे ठिकाण म्हणून सर्वपरिचित आहे. मुसळधार पाऊस, दाट धुके आणि पायथ्याच्या परतवाड्यापेक्षा कितीतरी थंड हिवाळा हे या परिसराचे वैशिष्ट्य. चिखलदरा आणि लगतच्या मोथा, आलाडोह, शहापूर यांसारख्या गावांतील जुन्या घरांना मात्र या हवामानाबरोबर आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो. ती म्हणजे परसातील सेप्टिक टँक. गटार योजनेला न जोडलेल्या घराच्या सांडपाण्याचा भार या एकाच टाकीवर असतो आणि ती जमिनीखाली असल्याने बिघडेपर्यंत तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव हे संत गाडगेबाबांचे जन्मगाव. त्यांच्या नावाने २०००-०१ मध्ये राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि घरोघरी शौचालय बांधण्याच्या चळवळीला वेग आला. त्या काळात बांधलेल्या टाक्यांना आता दोन दशके उलटून गेली आहेत. त्याआधीच्या टाक्या तर आणखी जुन्या. अशी टाकी पावसाळ्यात तुंबू लागली की घरमालकापुढे प्रश्न उभा राहतो, की तिची डागडुजी करावी की नवीच बांधावी? केवळ वयावरून या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. पक्क्या बांधकामाची टाकी तीस वर्षांनंतरही धडधाकट असू शकते, तर घाईत बांधलेली टाकी पाच वर्षांत निकामी होते.

टाकीचे काम नेमके काय?

सेप्टिक टँक म्हणजे मैला साठवण्याचा हौद नव्हे. संडासातून आलेले पाणी टाकीत किमान एक दिवस संथ राहावे, जड घटक तळाशी गाळ म्हणून बसावेत, तेलकट व हलके घटक वर तरंगावेत आणि मधले तुलनेने स्वच्छ पाणी बाहेर पडावे, हे तिचे मुख्य काम. तळाचा गाळ प्राणवायूविना जगणारे जिवाणू सावकाश कुजवतात. या प्रक्रियेत पाण्यातील सेंद्रिय घाण साधारण ३० ते ५० टक्केच कमी होते. रोगजंतू मोठ्या प्रमाणात शिल्लक राहतात. त्यामुळे टाकीतून बाहेर पडणारे पाणी शोषखड्ड्यातून किंवा चराद्वारे जमिनीत मुरवणे हा दुसरा टप्पा तितकाच आवश्यक ठरतो.

घरमालकांची पहिली चूक येथेच होते. संडास तुंबला की टाकी खराब झाली असा निष्कर्ष काढला जातो. प्रत्यक्षात बिघाड चार ठिकाणी असू शकतो : घरापासून टाकीपर्यंतची नळी, खुद्द टाकी, बाहेर जाणारी नळी किंवा शोषखड्डा. टाकीतील पाण्याची पातळी नेहमीइतकी असून संडास तुंबत असेल, तर दोष येणाऱ्या नळीत असतो. पातळी बाहेर जाणाऱ्या नळीच्याही वर चढली असेल, तर बाहेरची नळी किंवा शोषखड्डा बुजलेला असतो. टाकी उपसल्यावर शोषखड्ड्याकडून पाणी उलटे टाकीत येऊ लागले, तर दोष शोषखड्ड्याचाच समजावा. अशा वेळी टाकी फोडून नवी बांधण्याचा खर्च वाया जातो.

तपासणी कशी करावी?

टाकी प्रथम यंत्राने उपसून घ्यावी. त्यानंतर तपासणीसाठी कोणीही आत उतरू नये. वरूनच विजेरीच्या उजेडात पाहावे किंवा काठीला कॅमेरा बांधून छायाचित्रे घ्यावीत. काडी पेटवून पाहणे जिवावर बेतू शकते, कारण टाकीत मिथेन हा ज्वालाग्राही वायू असतो. भिंतींना आरपार भेगा आहेत का, वरच्या स्लॅबच्या सळ्या गंजून उघड्या पडल्या आहेत का, येणाऱ्या व जाणाऱ्या नळ्यांची ‘टी’ आकाराची तोंडे शाबूत आहेत का आणि मुख्य म्हणजे टाकीला पक्का तळ आहे का, या गोष्टी पाहाव्यात. ज्याला ‘सेप्टिक’ म्हटले जाते ते अनेक ठिकाणी बिनतळाचे खोल खड्डेच असतात. ‘आमची टाकी वीस वर्षांत एकदाही भरली नाही’ असे अभिमानाने सांगितले जाते तेव्हा मैलापाणी थेट जमिनीत जात असण्याची शक्यता अधिक असते.

गळतीची परीक्षा सोपी आहे. दोन्ही नळ्या बंद करून टाकी बाहेर जाणाऱ्या नळीच्या पातळीपर्यंत पाण्याने भरावी, खूण करावी आणि चोवीस तासांनी पाहावे. पातळी ठळकपणे उतरली तर टाकी गळते. पावसाळ्यात याच्या उलट अनुभव येतो. उपसलेली टाकी वापर बंद असतानाही भरू लागते. बाहेरचे पाणी ज्या वाटेने आत येते, त्याच वाटेने उन्हाळ्यात आतले पाणी बाहेर जाते, हे ध्यानात घ्यावे.

आकार पुरतो का?

भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस २४७० या १९८५ च्या संहितेत टाकीची मापे दिलेली आहेत. टाकीची किमान क्षमता १,००० लिटर, किमान रुंदी ७५ सेंटिमीटर आणि पाण्याची किमान खोली १ मीटर असावी. लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट असावी. दर दोन वर्षांनी उपसा धरल्यास ५ माणसांसाठी १.५ मीटर लांब, ०.७५ मीटर रुंद व १.०५ मीटर पाण्याची खोली पुरते. २० माणसांसाठी हीच मापे २.३, १.१ आणि १.८ मीटर होतात. म्हणजे आवश्यक क्षमता सुमारे १,२०० लिटरवरून साडेचार हजार लिटरच्या पुढे जाते. पाण्याच्या पातळीवर ३० सेंटिमीटर मोकळी जागा वेगळी.

चिखलदऱ्यासारख्या पर्यटनस्थळी हा हिशेब विशेष महत्त्वाचा आहे. पाच जणांच्या कुटुंबासाठी बांधलेल्या घरातील खोल्या पर्यटकांना दिल्या जातात आणि पावसाळी शनिवार-रविवारी तीच टाकी वीस माणसांचे पाणी झेलते. पाणी आत पुरेसे थांबतच नाही. गाळ ढवळून शोषखड्ड्यात जातो आणि त्याची छिद्रे बुजतात. शिवाय थंडीत जिवाणूंचे काम मंदावते, त्यामुळे मैदानी भागाच्या तुलनेत गाळ लवकर साचतो. म्हणून टाकीचा आकार घरातील माणसांवर नव्हे, तर गर्दीच्या दिवसातील माणसांवर ठरवावा. जुनी टाकी भक्कम पण लहान असेल, तर ती पाडण्याऐवजी तिच्या पुढे दुसरी टाकी जोडता येते.

खडक आणि विहीर

निर्णयाची खरी कसोटी लागते ती जमिनीवर. मेळघाटाचा डोंगर बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. मातीचा थर बऱ्याच ठिकाणी पातळ, त्याखाली मुरूम आणि मग भेगाळलेला कातळ. माती पाणी गाळते; कातळाच्या भेगा मात्र ते न गाळता दूरवर नेतात. उतारावरच्या घराचा शोषखड्डा वर आणि विहीर किंवा झरा खाली असेल, तर धोका अधिक.

हा धोका केवळ कागदावरचा नाही. जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी व कोयलारी या गावांत दूषित पाण्यामुळे कॉलऱ्याची साथ पसरली आणि काही ग्रामस्थांना प्राण गमवावे लागले. त्या घटनेचा संबंध कोणा एका टाकीशी जोडण्याचे कारण नाही. परंतु मैल्याचा अंश विहिरीत पोहोचला तर काय होते, हे तिने पुन्हा दाखवून दिले. संहितेनुसार शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर आणि राहत्या घरापासून किमान ६ मीटर दूर असावा. भेगाळ खडकात १८ मीटर हे अंतरही पुरेसे मानू नये. विहिरीचे पाणी पावसाळ्याच्या आरंभी व अखेरीस शासकीय प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे. त्यात मैल्याचे जिवाणू आढळले, तर आपल्या टाकीची परीक्षा तातडीने करावी.

जमीन पाणी किती घेते हेही मोजता येते. शोषखड्ड्याच्या नियोजित जागी लहान भोक खणून रात्रभर पाणी मुरवावे आणि दुसऱ्या दिवशी पाण्याची पातळी २५ मिलिमीटर उतरण्यास किती वेळ लागतो ते पाहावे. तीस मिनिटांच्या आत उतरली तर शोषखड्डा चालतो. तीस ते साठ मिनिटे लागली तर लांब चर घ्यावेत. त्याहून अधिक वेळ लागत असेल, तर जमिनीत मुरवण्याचा नाद सोडून खडीच्या गाळणीतून पाणी शुद्ध करण्याचा मार्ग धरावा. अशा गाळणीपुढे खडीच्या वाफ्यात कर्दळ लावून ते पाणी आणखी निवळवता येते. मे महिन्यात ही परीक्षा घेऊ नये. तापलेली, भेगाळलेली जमीन पाणी गटागटा पिते आणि फसवते. पावसाळा सरताना घेतलेली परीक्षाच खरी.

डागडुजी केव्हा, नवी केव्हा?

झाकण फुटणे, वायुनळीची जाळी फाटणे, ‘टी’ तुटणे, शोषखड्डा बुजणे किंवा अनेक वर्षे उपसाच न होणे, या कारणांसाठी टाकी बदलण्याची गरज नसते. भिंती धड असतील तर गंजलेला स्लॅबही स्वतंत्रपणे बदलता येतो. मात्र टाकीला तळ नसेल, भिंतींना आरपार भेगा असतील, गिलावा करूनही गळती थांबत नसेल किंवा टाकी विहिरीच्या फार जवळ असेल, तर डागडुजीवर खर्च करणे व्यर्थ. तेथे जागा बदलून नवी बांधणी हाच उपाय.

नव्या टाकीसाठी दरपत्रक घेताना मुरमातील खोदाई आणि कठीण खडकातील खोदाई यांचे दर वेगळे लिहून घ्यावेत. या भागात अंदाजपत्रक कोसळते ते कातळ लागल्यावर. टाकी २,००० लिटरहून मोठी असेल तर तिचे दोन कप्पे करावेत आणि आडभिंत आत येणाऱ्या बाजूपासून दोन तृतीयांश लांबीवर घ्यावी. तयार प्लॅस्टिकची टाकी घाटातून आणणे सोयीचे असते, पण भिजलेल्या जमिनीत रिकामी टाकी वर उचलली जाते. तिला काँक्रीटमध्ये जखडून लगेच पाण्याने भरावे लागते. बांधकामासाठी दिवाळी ते महाशिवरात्र हा काळ चांगला. पावसाळ्यात खड्डा भरतो आणि उन्हाळ्यात बांधकामाला मारायलाही पाणी अपुरे पडते. काम सुरू करण्यापूर्वी नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीकडे परवानगीची चौकशी करावी. जुनी टाकी पोकळ सोडू नये. ती उपसून, तळ फोडून मुरमाने भरून टाकावी, अन्यथा कालांतराने स्लॅब खचून अपघात होतो.

एकच संडास असलेल्या लहान घरासाठी दोन शोषखड्ड्यांचे शौचालय हा स्वस्त पर्याय आहे. एक खड्डा भरला की दुसरा वापरायचा आणि पहिल्यातील मैल्याचे खत होऊ द्यायचे. देहू येथे आयुष्यभर ग्रामीण स्वच्छतेचे काम केलेले आणि २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्रीने गौरवले गेलेले डॉ. सु. वि. मापुसकर यांनी मैल्यापासून गोबरगॅसप्रमाणे इंधनवायू मिळवणारी शौचालयेही रुजवली. मात्र उथळ कातळावर किंवा पावसाळ्यात पाणी वर येणाऱ्या जागी खड्ड्यांचा पर्याय निवडू नये.

उपसा आणि माणसाचा जीव

टाकी नवी असो वा जुनी, दर दोन-तीन वर्षांनी उपसा अटळ आहे. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या नगरपरिषदांनी तुंबण्याची वाट न पाहता ठरावीक मुदतीने टाक्या उपसण्याची पद्धत सुरू केली. ही शिस्त घरापुरतीही पाळता येते. उपसताना तळाशी थोडा गाळ विरजणासारखा राहू द्यावा, म्हणजे जिवाणू पुन्हा लवकर वाढतात. टाकी रस्त्यापासून इतक्या अंतरावर हवी की उपसा करणाऱ्या वाहनाची नळी पोहोचेल. डोंगरउतारावरच्या घरांनी जागा निवडतानाच याचा विचार करावा.

वाहन पोहोचत नाही म्हणून माणूस आत उतरवणे हा मात्र गुन्हा आहे. टाकीतील हायड्रोजन सल्फाइड वायूने काही क्षणांत शुद्ध हरपते आणि वाचवायला उतरलेला दुसराही दगावतो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांविना सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवण्यास बंदी असून पहिल्याच गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी भुयारी गटारांतील मृत्यूंसाठी भरपाईची रक्कम १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. जी टाकी माणूस उतरवल्यावाचून साफच होऊ शकत नाही, ती कितीही भक्कम असली तरी बदलण्याजोगीच समजावी.

निर्णय झाल्यावर टाकीची जागा, मापे, झाकणांची ठिकाणे आणि उपशाच्या तारखा एका कागदावर नोंदवून तो घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवावा. जुन्या टाकीबाबत निम्मा गोंधळ होतो तो ती नेमकी कोठे आहे आणि शेवटची केव्हा उपसली, हे घरात कोणालाच ठाऊक नसल्यामुळे. पुढच्या पिढीवर तरी ती वेळ येऊ नये.