चाळिशीनंतरची कोरडी त्वचा : विरलेले कवच आणि त्याची दुरुस्ती

छत्तीसगडमधील भिलाई शहरात एप्रिलपासून पावसाचे आगमन होईपर्यंत पारा वारंवार ४० अंशांच्या वर जातो आणि दुपारची हवा अत्यंत कोरडी असते. हिवाळ्यात थंडी पडते, पण कोरडेपणा कायम राहतो. पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाल्यानंतर देशाच्या सर्व भागांतून कुटुंबे या शहरात आली. त्यांत विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही होती. येथील हुडको वसाहतीसारख्या भागांत राहणाऱ्या, पंचेचाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांना हे हवामान आणि शरीरातील बदल या दोहोंना एकाच वेळी तोंड द्यावे लागते. त्वचा ओढल्यासारखी वाटणे, साधी क्रीम लावताच चरचरणे, आंघोळीनंतर पायांना खाज सुटणे या तक्रारींना बहुधा ‘वयाप्रमाणे चालायचेच’ असे उत्तर मिळते. त्वचाविज्ञानाचे उत्तर मात्र वेगळे आहे. त्वचेचे संरक्षक कवच विरल्याची ही लक्षणे असून बहुतांश वेळा ते पुन्हा सांधता येते.

हे कवच म्हणजे बाह्यत्वचेचा सर्वांत वरचा थर, शृंगी स्तर. शरीराच्या बहुतेक भागांवर त्याची जाडी एका मिलिमीटरच्या साधारण पन्नासाव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी असते. अमेरिकी त्वचाविज्ञानी पीटर एलायस यांनी त्याला विटांच्या भिंतीची उपमा दिली आणि ती जगभर रूढ झाली. मृत, चपट्या पेशी या विटा, तर त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्ये हा चुना. या चुन्यात वजनाने सुमारे निम्मा भाग सिरामाइड या मेदद्रव्यांचा असतो. उरलेल्या भागात प्रामुख्याने कोलेस्टेरॉल आणि मुक्त मेदाम्ले असतात. विटांच्या आत पाणी धरून ठेवणारी नैसर्गिक द्रव्ये असतात व ती फिलाग्रिन नावाच्या प्रथिनापासून तयार होतात. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, त्याचा सामू साधारणतः ४.५ ते ५.५ इतका असतो. सिरामाइड तयार करणाऱ्या विकरांना हीच आम्लता लागते. त्यामुळे सामू वाढला की भिंतीचा चुना कमी बनतो, भेगांतून पाणी उडून जाते आणि बाहेरचे क्षोभक पदार्थ आत शिरतात. त्यातून दाह होतो आणि दाहामुळे भिंत आणखी ढासळते.

भारतीय स्त्रियांमध्ये रजोनिवृत्ती सरासरी ४६ ते ४७ व्या वर्षी येते. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत हे चार-पाच वर्षे आधी आहे. त्वचेच्या पेशींवर इस्ट्रोजेनचे ग्राही असतात. या संप्रेरकाचे प्रमाण घटले की त्वचेतील तेलग्रंथींचा स्राव कमी होतो आणि त्वचा पातळ होऊ लागते. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतील कोलॅजेन सुमारे ३० टक्क्यांनी घटते, असे अभ्यासांत आढळले आहे. ब्रिटनमधील संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रजोनिवृत्तीनंतर शृंगी स्तरातील सिरामाइडांची रचना बदलत असल्याचे दिसून आले. संप्रेरक उपचार घेणाऱ्या स्त्रियांमध्ये हा बदल आढळला नाही. अर्थात केवळ त्वचेसाठी असे उपचार घ्यावेत, असा याचा अर्थ नाही. त्यांचे इतर परिणाम विचारात घेऊन तो निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञांनीच करावयाचा असतो.

वयाबरोबर दुरुस्तीचा वेगही मंदावतो. तरुण त्वचेचे कवच मुद्दाम विस्कळीत केले तर ते साधारण तीन दिवसांत पूर्ववत होते, वृद्धापकाळी मात्र त्याला आठवड्याहून अधिक काळ लागू शकतो. मध्यम वयाची स्थिती या दोहोंच्या दरम्यानची म्हणता येईल. विशीत जी सवय त्वचेने निमूटपणे सोसली, तीच पन्नाशीत बाधते ती यामुळेच.

अशा सवयींत पहिला क्रमांक साबणाचा. नेहमीच्या साबणाचा सामू ९ ते १० च्या घरात असतो. साबणाच्या वेष्टनावर ‘टीएफएम’ म्हणजे एकूण मेदद्रव्याचे प्रमाण छापलेले असते. भारतीय मानकानुसार पहिल्या श्रेणीच्या साबणात ते किमान ७६ टक्के असावे लागते. परंतु उच्च श्रेणीचा साबणही अल्कधर्मीच असतो, हे सहसा सांगितले जात नाही. हिवाळ्यात कढत पाण्याने केलेली आंघोळ, अंगावर खसखसून घासलेले उटणे वा दगड, चेहऱ्यावर चोळलेले लिंबू आणि खाण्याचा सोडा यांचा परिणामही कवच विरण्यातच होतो. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास डाग व फोडही येऊ शकतात.

स्वयंपाकघराचा वाटा वेगळाच आहे. भांड्यांचा साबण, कपड्यांची पावडर आणि दिवसभर ओले राहणारे हात यांमुळे गृहिणींना होणारा हातांचा इसब त्वचारोगतज्ज्ञांच्या नित्य परिचयाचा आहे. उजव्या हाताने सुरी धरणाऱ्या स्त्रीच्या डाव्या हाताच्या अंगठ्याचे व पहिल्या दोन बोटांचे शेंडेच तेवढे फुटत असतील, तर लसणाची ॲलर्जी असण्याची शक्यता तपासली जाते, कारण सोलताना व चिरताना लसूण त्याच बोटांत असतो. टिकलीच्या गोंदामुळे कपाळावर पांढरा डाग पडू शकतो, केस रंगवण्याच्या कलपामुळे कानशिलांवर व मानेवर पुरळ उठू शकते. पुण्यात १९५० च्या दशकात प्रथम नोंदले गेलेले गाजरगवत तर पुढे देशभर पसरले. त्याचे हवेतून उडणारे सूक्ष्म कण चेहऱ्याला व मानेला तीव्र त्वचादाह करतात.

सर्वांत गंभीर हानी मात्र उपाय म्हणून घेतलेल्या मलमांतून होते. चाळिशीच्या आसपास अनेक स्त्रियांच्या गालांवर वांग येतात. शेजारणीच्या किंवा औषध दुकानदाराच्या सल्ल्याने हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड यांचे मिश्रण असलेले मलम आणले जाते. मूळचे हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली मर्यादित काळ वापरावयाचे आहे. सुरुवातीला चेहरा उजळतो, म्हणून ते महिनोन्‌महिने चालू राहते. स्टेरॉइडमुळे सिरामाइड आदी मेदद्रव्यांची निर्मिती मंदावते, त्वचा पातळ होते, लाल केशवाहिन्या दिसू लागतात, मुरमे येतात. मलम थांबवताच भयंकर आग होते आणि त्यामुळे तेच मलम पुन्हा लावले जाते. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला ‘स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा’ या अर्थाचे स्वतंत्र नावच दिले आहे. केंद्र सरकारने २०१८ साली अनेक स्टेरॉइडयुक्त मलमांच्या चिठ्ठीविना विक्रीवर निर्बंध आणले. चेहरा उजळवणाऱ्या बेनामी क्रीमची गोष्ट याहून वाईट आहे. अकोल्यातील एकाच घरातील तीन महिलांना मूत्रपिंडाचा विकार जडल्याचे व त्यांच्या क्रीममध्ये पारा आढळल्याचे प्रकरण २०२३ साली पुढे आले. त्याचा शोध मुंबईच्या केईएम रुग्णालयापर्यंत गेला होता. सौंदर्यप्रसाधनांत हेतुपुरस्सर पारा घालण्यास देशात मनाई आहे.

दुरुस्तीची सुरुवात काही लावण्याने होत नाही, ती थांबवण्याने होते. रेटिनॉल, आम्लयुक्त सीरम, स्क्रब, ब्लीच आणि सुगंधी प्रसाधने काही आठवडे पूर्णपणे बाजूला ठेवावीत. स्टेरॉइड दीर्घकाळ वापरले असल्यास ते एकाएकी न सोडता डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करावे. आंघोळीला कोमट पाणी आणि साबणविरहित, आम्लधर्मी सामूची वडी किंवा द्रव वापरावा. तोही काख, जांघ व पाय एवढ्यापुरता पुरतो, हातापायांना रोज फेस लागतोच असे नाही. अंग टिपून ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, स्निग्ध मलम लावावे. ग्लिसरीन आणि ५ ते १० टक्के युरिया पाणी धरून ठेवतात, पण भेगाळलेल्या त्वचेवर युरिया झोंबतो. पेट्रोलियम जेली पाण्याची वाफ होणे फार मोठ्या प्रमाणात रोखते आणि आतील दुरुस्तीला अडथळा आणत नाही. सिरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले असलेली क्रीम उपयुक्त आहेत, परंतु महागही आहेत. महागडी क्रीम वाटाण्याएवढी लावण्यापेक्षा स्वस्त जेली सढळ हाताने लावणे केव्हाही बरे. इसब असलेल्या प्रौढ व्यक्तीने संपूर्ण अंगाला दिवसातून दोनदा मलम लावले, तर आठवड्याला सुमारे ५०० ग्रॅम लागते. घरातील छोटी डबी सहा महिने पुरत असेल, तर ती उपचाराला पुरी पडलेली नाही.

तेलांबाबत संशोधन रंजक आहे. फिलिपिन्समध्ये २००४ साली झालेल्या चाचणीत कोरड्या त्वचेसाठी खोबरेल तेल खनिज तेलाइतकेच गुणकारी ठरले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात सूर्यफुलाच्या तेलाने कवच अबाधित राखले, तर ऑलिव्ह तेलाने ते कमकुवत केले. ‘नैसर्गिक’ या एका शब्दावर विसंबून तेल निवडता येत नाही, एवढे यावरून दिसते. भरपूर पाणी पिण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो. उन्हाळ्यात तो प्रकृतीसाठी योग्यच आहे, मात्र विरलेले कवच त्याने सांधले जात नाही.

वरील पथ्य पाळल्यास दोन ते चार आठवड्यांत फरक दिसू लागतो. तसा तो न दिसल्यास, रात्री खाजेने झोप मोडत असल्यास, पू किंवा फोड आल्यास, अथवा थकवा, वजनवाढ व केसगळती सोबत असल्यास तपासणी टाळू नये. थायरॉइडची मंदावलेली क्रिया, मधुमेह, लोहाची कमतरता, यकृत व मूत्रपिंडाचे विकार हे सर्व कोरडेपणा वा खाजेच्या रूपाने प्रकट होऊ शकतात आणि त्यांपैकी बहुतेकांचा अंदाज साध्या रक्ततपासणीने येतो. भिलाईतील रुग्णांसाठी शहरातील सेक्टर ९ चे जवाहरलाल नेहरू रुग्णालय आणि रायपूर येथील एम्सचा त्वचारोग विभाग या जवळच्या मोठ्या संस्था आहेत. तपासणीला जाताना आजवर वापरलेल्या प्रत्येक मलमाची नळी, रिकामी असली तरी, सोबत न्यावी.